डाव्या मागच्या चाकातलं तेल

१

ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा पोलीस पाटलांनी उचलला आणि ते नुसतेच खाली बघत राहिले. मंजुळा त्यांच्या खांद्यावरून वाकली. जिथे ब्रेकचं तेल भरायचा मास्टर सिलेंडर असायला हवा होता, तिथून थेट खालची लाल माती दिसत होती.

"हे असंच असतंय काय गो?" महादू पाटलांनी विचारलं.

"नाही पाटीलबाबा. इथे एक वस्तू होती. तिच्यासाठीच तर आपण आलोय."

उमरठच्या अलीकडच्या उतारावर ती जीप गेले तीन आठवडे दरडीला नाक लावून उभी होती. मंजुळेचे मामा काशीराम ती पोलादपूर ते उमरठ अशी चालवत. फौजेत अठरा वर्षं ट्रक चालवलेला माणूस. जानेवारीच्या अखेरीस अकरा माणसं भरून ते याच उतारावर आले, ब्रेकवर पाय दिला आणि पेडल सरळ तळाला गेलं. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला दरड. मामांनी गाडी दरडीवर घातली. दहा जण खरचटण्यावर निभावले, पण येसूबाईंचा पाय दोन ठिकाणी मोडला. त्या अजून महाडच्या दवाखान्यात पडून होत्या.

अपघाताच्या आठच दिवस आधी मामांनी महाडला हैबतीशेठच्या गॅरेजात ब्रेकचं पूर्ण काम करून घेतलं होतं. रीतसर बिल होतं. मंजुळा रसायनशास्त्राची बी.एस्सी., महाडच्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. ग्राहकांसाठी नवा कायदा आला आहे, पैसे घेऊन केलेल्या कामात कसूर राहिली तर जिल्ह्याच्या ग्राहक मंचात दाद मागता येते, साध्या कागदावरची तक्रार चालते आणि वकीलही लागत नाही, एवढं तिने वाचनालयात बसून टिपून घेतलं आणि मामांच्या सहीने तक्रार ठोकून दिली.

त्यावर शेठचं उत्तर आलं. आमच्या कामात खोट नाही, ड्रायव्हरने स्वतः ब्रेकमध्ये एरंडेल ओतलं, त्याची बाटली गाडीतल्या हत्यारांच्या पेटीत सापडली. मामा म्हणाले, बाटली गुडघ्याला चोळायची आहे. मंचाने सांगितलं, पुढच्या तारखेला तो सिलेंडर पंचांसमोर काढून, सीलबंद करून हजर करा. तारखेला बारा दिवस होते. तिकडे परिवहन खात्याचीही नोटीस येऊन पडली होती. एरंडेलाची गोष्ट खरी ठरली तर मामांचं लायसन जाणार होतं. लोकांनी तर त्याआधीच निकाल दिला होता. पोलादपूरच्या स्टँडवर मामा कुणाच्या बदलीवर गाडी घेऊन उभे राहिले, तर माणसं त्यांना बघून मागच्या गाडीत जाऊन बसत.

आणि आता सिलेंडरच नव्हता.

मंजुळेने वही काढली. बॅटरी जागेवर होती. स्टेपनी होती. डॅशबोर्डवरचा टेपसुद्धा होता. हे सगळं सोडून फक्त सिलेंडर नेणारा चोर भंगारवाला नव्हता. ती गुडघ्यावर बसली आणि आत हात घालून चाचपलं. सिलेंडर ज्या बोल्टांवर बसतो ते बोल्ट आपापल्या भोकांत पुन्हा पिळून ठेवले होते, वायसरसकट. सुटलेल्या नळीच्या तोंडाला माती जाऊ नये म्हणून प्लास्टिकचा तुकडा गुंडाळून दोरा बांधला होता. वरचा पत्राही परत बसवलेला.

तिने ते सगळं लिहून घेतलं आणि खाली एक ओळ घातली: चोराला या गाडीची काळजी आहे.

२

हैबतीशेठचं गॅरेज हमरस्त्याला लागूनच होतं. मंजुळा तिथे पोचली तेव्हा शेठ बाकड्यावर बसून चहा पीत होते आणि त्यांचा मिस्त्री केरू एका ट्रकखाली जॅक लावत होता.

"या मास्तरीणबाई," शेठ म्हणाले. "कोडतातून इकडे कुठं वाट चुकलात?"

ती मास्तरीण नव्हती, पण तिने ते सोडून दिलं. काम केल्यावर काढलेले जुने भाग गिऱ्हाइकाला दाखवायचे असतात, ते मामांना का दिले नाहीत, असं तिने विचारलं. शेठ म्हणाले, कुणी मागितले नाहीत. भंगारवाला येतो, तराजूत घालतो आणि नेतो. महाडात हीच रीत आहे. तेल कुठलं भरलं? शेठनी कपाटाकडे बोट केलं. कंपनीचा डबा, बिलावर नाव लिहिलंय, वाचता येत असेल तर बघा. भरलं कुणी? केरूने. चाकांच्या ब्रेकमधले तेल अडवणारे रबरी कप बदलले, तेल भरलं, चारी चाकांशी ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली, शेठनी स्वतः गाडी चालवून बघितली.

"मग आठ दिवसांत पेडल खाली कसं गेलं?"

"एरंडेल पाजलं की माणसाचं पोट सुटतं," शेठ कप खाली ठेवत म्हणाले, "तुमच्या मामाच्या गाडीचं ब्रेक सुटलं."

ट्रकखालून कुणीतरी हसलं. केरू नव्हता हसला. जॅक वर चढत नव्हता म्हणून त्याने उठून कपाटामागून एक डबा आणला, जॅकचं बूच काढलं आणि चोचीने आत तेल सोडलं. मंजुळेने बघितलं, तो ब्रेक ऑइलचाच डबा होता, तेच नाव, तोच लाल पट्टा. बाजूला रॉकेलने भरलेलं एक पसरट घमेलं होतं. कुठल्या कुठल्या गाड्यांचे काढलेले बोल्ट, नट, वायसर त्यात एकत्र बुडालेले. केरू लागेल तो बोल्ट हाताने चाळून शोधत होता.

ती त्या घमेल्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली असावी.

"त्यात काय सोनं हाय?" शेठनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "सिलेंडर तुमच्यापैकी कुणी नेला का, हे विचारायला आले होते. तो चोरीला गेलाय."

शेठचा हात कपावरच थांबला. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते नुसतं आश्चर्य नव्हतं. त्यात सुटल्याचाही एक भाव होता, आणि तो लपवायला त्यांना उशीर झाला. पण ज्याने स्वतः चोरी केली, तो ती ऐकून आधी दचकत नाही. शेठ आधी दचकले होते.

बाहेर पडताना तिला दोन गोष्टी कळल्या होत्या. शेठ काहीतरी लपवत होते. आणि सिलेंडर त्यांच्या माणसांनी नेलेला नव्हता, कारण या गॅरेजात काढलेला बोल्ट परत त्याच्या भोकात ठेवायची पद्धतच नव्हती. तो घमेल्यात जायचा, किंवा मातीत.

मग तशी पद्धत कुणाची होती?

उत्तर तिला ठाऊक होतं, आणि ते तिला नको होतं.

३

संध्याकाळी ती पोलादपूरला मामांच्या घरी गेली तेव्हा मामा ओट्यावर स्टोव्ह खोलून बसले होते. भागूबाई मामी आत भाकऱ्या थापत होत्या. मामांनी स्टोव्हचा एक स्क्रू काढला, पट्टी बाजूला केली आणि तोच स्क्रू त्याच भोकात दोन पीळ देऊन ठेवला. मग दुसरा. लहानपणापासून तिने हे बघितलं होतं. फौजेत पहिल्याच आठवड्यात ही सवय लावतात, असं ते अभिमानाने सांगत.

"मामा, सिलेंडर कुठे आहे?"

मामांनी मान वर केली नाही. आतला थापण्याचा आवाज मात्र थांबला.

"जो चोर बोल्ट जागेवर पिळून ठेवतो, नळीला प्लास्टिक बांधतो, तो मला एकच माहीत आहे."

मामा उठले. तांदळाच्या कणगीत खांद्यापर्यंत हात घालून त्यांनी गोणपाटात गुंडाळलेली वस्तू काढली आणि तिच्यापुढे ठेवली.

"तुझ्याशी खोटं बोललो गो," ते म्हणाले. "एरंडेल मीच ओतलंय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. अपघाताच्या आदल्या दिवशी ब्रेकचं तेल कमी दिसलं. पोलादपुरात डबा मिळाला नाही. फौजेतल्या जुन्या गाड्यांच्या ब्रेकला एरंडेलाचंच तेल असायचं, ते त्यांनी स्वतः भरलेलं होतं. म्हणून बाटलीतलं दोन-तीन घोट ओतलं. दुसऱ्या दिवशी येसूबाई रस्त्यावर पडून ओरडत होती, तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच होतं. मंजुळेने तक्रार केली तेव्हा ते गप्प बसले, कारण तिच्यापुढे कबूल करवेना. मंचाने सिलेंडर मागितला तेव्हा ते रात्रीचे जाऊन तो काढून घेऊन आले.

"विहिरीत टाकून द्या म्हणते मी कधीची," मामी दारातून म्हणाल्या. "नसेल तर नसेल. कोण काय करणार हाय?"

मंजुळेला संताप आला होता, आणि त्याच्याखाली भीती. हा सिलेंडर मंचापुढे ठेवला तर त्यात एरंडेल निघणार, आणि शेठचं म्हणणं खरं ठरणार. न ठेवावा तर आपणच पुरावा दडवला असं होणार. दोन्हीकडून लायसन जात होतं. पण तिच्या डोक्यात शिकलेली एक सवय होती: आधी काय झालं आणि नंतर काय झालं, ते नीट लावून घ्यायचं.

"तेल कमी का झालं होतं, मामा?"

"काय म्हाइत."

"नवे कप, नवं काम. आठ दिवसांत तेल गेलं कुठे?"

मामा विचार करू लागले. मग हळूहळू त्यांना आठवत गेलं. एरंडेल ओतायच्या दोन दिवस आधीपासून गाडी ओढल्यासारखी चालत होती. स्टँडवर उतरून चाकाला हात लावला तर चटका बसला होता. त्यांनी चाकावर पाणीही मारलं होतं.

"म्हणजे बिघाड आधीचा," ती म्हणाली. "एरंडेल नंतरचं."

"पण हे माझ्या तोंडचं झालं. कोण धरील?"

कोणीच धरणार नव्हतं. तिला असा साक्षीदार हवा होता, ज्याला एरंडेल कधी शिवलंच नव्हतं. स्टोव्हच्या पंपाकडे बघता बघता तिला तो सापडला.

"मामा, ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना सुरुवात कुठल्या चाकापासून करतात?"

"सगळ्यात लांबच्या. डाव्या मागच्या. का?"

४

ब्रेकचं तेल नळीतून वाहत नाही. पेडल दाबलं की ते जरासं पुढे सरतं, सोडलं की मागे येतं. चाकाशी असलेलं तेल चाकाशीच राहतं. तिथपर्यंत नवं तेल पोचवायचं तर चाकामागचा निपल, म्हणजे हवा काढायचा छोटा स्क्रू, सैल करून जुनं बाहेर काढावं लागतं. ते काम गॅरेजात झालं होतं, नंतर कुणी केलं नव्हतं. मामांचं दोन-तीन घोट एरंडेल सिलेंडरात आणि फार तर त्याच्या पुढच्या वीतभर नळीत होतं. डाव्या मागच्या चाकात होतं ते गॅरेजचं तेल.

दुसऱ्या दिवशी ती पाटलांना आणि शाळेच्या एका गुरुजींना घेऊन पुन्हा उतारावर गेली. मामांना तिने रस्त्याच्या पलीकडे दगडावर बसवलं आणि गाडीला हात लावायचा नाही असं बजावलं. निपलवर चिखलाचा वाळलेला थर जसाच्या तसा होता. तो खरवडायच्या आधी दोन्ही पंचांना दाखवला, लिहून घेतलं. मग पाना लावला. मामा पलीकडून, डाव्या हाताला फिरव, जोर नको, असं सांगत होते. तेल तीन बाटल्यांत धरलं, बाटल्यांवर सह्या झाल्या, लाख लागली. चाक खोलून आतला रबरी कपही काढला. त्याची कड फुगून लिबलिबीत झाली होती आणि एका जागी फाटली होती. तेल गेलं होतं ते तिथून.

दोन बाटल्या सीलबंद राहिल्या. तिसरी तिने कॉलेजात, प्राध्यापकांच्या समोर उघडली.

तीन परीक्षानळ्यांत पाणी, तीन नळ्यांत स्पिरिट. दुकानातून आणलेल्या नव्या डब्यातलं ब्रेक ऑइल पाण्यात टाकलं, ते विरघळून गेलं. मामांच्या बाटलीतलं एरंडेल पाण्यावर तरंगलं, पण स्पिरिटमध्ये हलवल्याबरोबर दिसेनासं झालं. चाकातलं तेल पाण्यावर तरंगलं. तिने श्वास धरून ते स्पिरिटमध्ये सोडलं. थेंब तळाला जाऊन बसले. हलवलं, फुटले, पुन्हा तळाला जमले. ते ब्रेक ऑइल नव्हतं. एरंडेलही नव्हतं. आणखी एका नळीत तिने रॉकेल घेतलं, आणि त्यात ते तेल सहज मिसळलं. खनिज तेल. इंजिनात घालतात, यंत्रांना घालतात त्या जातीचं.

आता उरला रबराचा प्रश्न. तिने दुकानातून तीन नवे कप आणले, तीन वाट्यांत तीन तेलं घेतली आणि रोज दुपारी व्हर्नियर मापाने त्यांचा व्यास मोजला. ब्रेक ऑइलमधला कप आठ दिवसांत होता तसा. एरंडेलमधला होता तसा. खनिज तेलातला तिसऱ्या दिवशी फुगला, आठव्या दिवशी बोटाने दाबला तर ओल्या चपलेसारखा दबला. असा फुगलेला कप मागे सरत नाही, ब्रेक आवळलेलेच राहतात, चाक तापतं, आणि शेवटी कप फाटून तेल जातं.

मामांच्या तेलाने येसूबाईचा पाय मोडला नव्हता. हे तिने त्यांना सांगितलं. मामा ओट्यावरून उठून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

पण तारीख परवावर आली होती आणि एक भोक अजून राहिलं होतं. शेठ म्हणतील, चाकात हे तेल तुम्हीच घातलंत. कंपनीच्या डब्यात खनिज तेल येईलच कसं? मंजुळेने रात्री वहीची पानं मागे उलटली. गॅरेजची भेट, जॅक, चोचीचा डबा, लाल पट्टा. तिने तेव्हा ते लिहिलं होतं आणि त्याकडे बघितलं मात्र नव्हतं.

जॅकमध्ये ब्रेक ऑइल कोण घालतं? एवढं महाग तेल?

५

दासनवमीची सकाळ होती. शिवथरच्या घळीकडे जाणाऱ्या गाड्या महाडातून भरभरून निघत होत्या. मंजुळा मामांना घेऊन गॅरेजात शिरली आणि शेठनी काही म्हणायच्या आत कपाटामागे गेली. डबा तिथेच होता. तिने टेबलावर एका कपात पाणी घेतलं आणि डब्यातलं तेल वर सोडलं. पिवळसर थर पसरून वर बसला.

"ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं, शेठ. हे जॅकचं तेल आहे. रिकामा डबा तुम्ही टाकला नाहीत, चोच चांगली म्हणून त्यात जॅकचं तेल भरून ठेवलंत. आमच्याही घरी डालड्याच्या डब्यात मीठ असतं. केरूने नाव वाचलं आणि मामांच्या गाडीत हेच भरलं."

"सिद्ध करून दाखवा," शेठ म्हणाले. पण ते तिच्याकडे बघत नव्हते.

"तुम्हाला अपघातानंतर कळलं ना? जॅक न भरता डबा निम्मा झालेला दिसला असेल."

शेठनी टेबलावरचा कप बाजूला सारला. मग म्हणाले की कोर्टात काय ते बोलू, आता धंद्याची वेळ आहे, निघा. मामा दारातच उभे होते, हात मागे बांधून, कवायतीत उभे राहावे तसे.

मंजुळेला ठाऊक होतं की आपण इथून निघालो तर तो डबा संध्याकाळपर्यंत नाहीसा होईल. पण ती थांबली ती डब्यासाठी नव्हे. डबा उचलल्यापासून तिला एक हिशेब छळत होता: निम्मा डबा म्हणजे एका जीपपेक्षा जास्त तेल.

"अजून कुणाच्या गाडीत गेलंय हे?"

"कुणाच्या नाय," शेठ म्हणाले. "त्या आठवड्यात ब्रेकचं काम एकच झालं."

मग ती केरूकडे वळली. केरूने हातातला पाना खाली ठेवला.

"केरूदादा?"

"रविवारी," केरू म्हणाला. त्याचा आवाज कुणाला नीट ऐकू आला नाही, म्हणून त्याला पुन्हा सांगावं लागलं. "रविवारी शेठ तुडीलला गेले होते तवा. पांडूच्या टेम्पोचं केलं मी, परस्पर. ह्याच डब्यातलं. पण तो टेम्पो महिनाभर आंब्याखालीच उभा होता, पांडू मुंबैला गेलेला."

"आता कुठे आहे टेम्पो?"

केरूने रस्त्याकडे बघितलं. "परवा आला पांडू. आज सकाळी माणसं घेऊन निघाला. घळीला."

 शिवथरचा चढ आणि त्यापलीकडची वळणं तिथल्या प्रत्येकाला पाठ होती. आणि महिनाभर तेलात बुडालेले रबरी कप कसे झाले असतील, हे मंजुळेला माहीत होतं.

ती शेठकडे बघत राहिली. आता त्यांनी फक्त एवढंच म्हणायचं होतं की तेल चांगलं आहे, टेम्पोला काही होणार नाही. म्हटलं असतं तर उद्याची तारीख त्यांच्या बाजूने गेली असती. त्यांच्या ओठांची हालचालही झाली.

"कधी निघाला?" शेठनी विचारलं.

"अर्धा-पाऊण तास."

"राजदूत काढ," शेठ म्हणाले. "बिरवाडीच्या पुढे जायच्या आत गाठ त्याला. आडवी घाल गाडी. जा रे."

केरू मोटारसायकल घेऊन गेला. शेठनी स्वतःच्या जीपची किल्ली खिशातून काढली, सीटवर चढले, पण किल्ली भोकात जाईना. दोनदा हातातून पडली. तिसऱ्यांदा त्यांनी ती उचललीच नाही. खाली उतरून मामांकडे बघितलं.

"काशीराम, तू घे. माझा हात चालत नाय."

मामांनी किल्ली घेतली. सीटवर बसले आणि गाडी चालू करायच्या आधी ब्रेकचं पेडल तीनदा दाबून बघितलं.

"हे कुणी भरलंय?"

"मी. दिवाळीत. सील फोडून," शेठ म्हणाले.

"चला मग."

६

मामांनी जीप बिरवाडीच्या रस्त्याला घातली. मामा वेगात होते, पण वळणाआधी गिअर उतरवायला चुकत नव्हते. शेठ मागे बसून पुढच्या प्रत्येक गाडीकडे मान लांब करून बघत होते. एकदा लांब रस्त्यावर गर्दी दिसली आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. ती बैलगाड्यांची होती.

बिरवाडी गेली. चढ सुरू व्हायच्या अलीकडे, शेताच्या बाजूला टेम्पो उभा दिसला. केरू त्याच्या चाकांना दगड लावत होता. राजदूत रस्त्याच्या मधोमध आडवी पडली होती. टेम्पोच्या मागच्या चाकातून अजून धूर येत होता आणि जळक्या रबराचा वास सगळीकडे भरला होता. पांडू कपाळाला हात लावून बसलेला. अठरा माणसं, निम्म्या बायका, दोन लेकुरवाळ्या. कुणाला काही झालं नव्हतं.

केरूने सांगितलं, चाकं आवळत चालली म्हणून पांडू कसाबसा थांबला होता, आणि जरा गार झाल्यावर पुन्हा निघणार होता. निघाला असता तर चढाच्या पलीकडे उतार होता.

मामांनी जीप टेम्पोच्या शेजारी लावली आणि बायकांना पहिल्या फेरीत चढायला सांगितलं. दोघी-तिघी उठल्या. मग एक बाई पुढे आली आणि सगळ्या थांबल्या. ती येसूबाईची लेक चंद्राबाई होती.

"ह्यांच्या गाडीत आम्ही नाय बसायचो," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, म्हणून जास्त लागला. "आईचा पाय मोडलाय ह्यांनी. तेल ओततात ब्रेकात."

मामांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. मंजुळेने तोंड उघडलं. नळ्या, कप, आकडे, सगळं तिच्या जिभेवर होतं. पण तिच्या आधी शेठ जीपमधून उतरले.

"तुझ्या आईचा पाय माझ्या डब्याने मोडलाय, बाय," ते म्हणाले. "ह्या टेम्पोत तेच तेल हाय. काशीरामच्या गाडीत तेच होतं. मला कळलं होतं आणि मी गप्प बसलो. त्याचं एरंडेल मी पुढं केलं."

पांडू उठून उभा राहिला. कुणीतरी शेठना शिवी दिली, ती त्यांनी ऐकून घेतली.

मंजुळेने वही काढली.  शेठनी सांगितलं तसं लिहिलं आणि जीपच्या बॉनेटवर वही ठेवून त्यांची सही घेतली. केरूने खाली सही केली. मग तिने वही मामांपुढे धरली.

"तुमचंही राहिलंय, मामा. सिलेंडर कुणी काढला ते. मंचाला ते शेठच्या तोंडून कळायला नको."

मामांनी तिच्याकडे बघितलं, मग वहीकडे. सिलेंडर मी काढला, घरी ठेवला, भीतीने, असं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, लष्करी नंबरासकट सही केली आणि पेन परत केलं.

चंद्राबाई हे सगळं बघत उभी होती. लिहिता-वाचता येतं का, असं मंजुळेने विचारल्यावर तिने वही घेतली, दोन्ही मजकूर ओठ हलवत वाचले, आणि साक्षीदार म्हणून सावकाश नाव घातलं. मग कडेवरचं पोर सावरलं आणि जीपच्या पुढच्या सीटवर, मामांच्या शेजारी येऊन बसली. मागून बाकीच्या चढल्या.

मामांनी गाडी सुरू केली आणि महाडकडे वळवायला आरशात बघू लागले.

"तिकडं कुठं?" चंद्राबाई म्हणाली. "घळीला जायचंय आम्हांला."

मामांनी समोरच्या चढाकडे बघितलं. मग पेडल एकदा दाबून पाहिलं, पहिला गिअर टाकला आणि गाडी वर काढली.